पडवळाच्या मानेवरचा टाका

नंद्या, तुझ्या अंत्यविधीला मी दहा मिनिटं बोललो आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सिडनीतल्या पेंडल हिलच्या दोन खोल्यांच्या युनिटमध्ये तू सहा पोरांचा स्वयंपाक कसा रेटायचास, ते सांगितलं. पहिल्याच सेमिस्टरला माझा विषय उडाला तेव्हा चार दिवस पांघरुणात पडलेल्या मला ओढून काढून तू दाढी करायला लावलीस, ते सांगितलं. माझी आई पहिल्यांदा सिडनीला आली त्या दिवशी मी इंटरव्ह्यूत अडकलो होतो, म्हणून विमानतळावर तू गेलास, आणि घरी पोचेपर्यंत ती तुझीच आई झाली होती, तेही सांगितलं. लोक हसले, रडले. इचलकरंजीत तुझे आईबाबा मोबाइलवर सगळं बघत होते. शेवटी म्हणालो, "आम्ही मिठावर पळवायला एक मोटरसायकल बांधली होती. ती धावली मात्र नाही." एवढं बोलून खाली बसलो.

ती का धावली नाही, ते मला माहीत होतं. त्या हॉलमध्ये ते माहीत असलेला मी एकटाच होतो.

बाहेर आल्यावर तुझ्या मनीषाने माझा हात धरला. म्हणाली, "भावोजी, तुम्ही ह्यांच्यासाठी किती केलंत." मला तिच्याकडे बघवेना. कार पार्कमध्ये जाऊन गाडीत बसलो आणि सगळे निघून जाईपर्यंत काच वर करून बसून राहिलो. बायकोला वाटलं, दुःखाने बसलोय. दुःख होतंच. पण जास्त करून मी लपून बसलो होतो.

तुला आठवतात ना ती वर्षं? पॅरामॅटात दुकानांच्या वरच्या मजल्यांवर दर महिन्याला नवं कॉलेज उगवायचं. कोणी कुकरीला, कोणी हेअरड्रेसिंगला. आयुष्यात चहा न केलेली पोरं शेफ व्हायला यायची, कारण पीआरच्या, म्हणजे इथे कायमचं राहू देणाऱ्या व्हिसाच्या यादीत तो धंदा होता. तू ऑटोमोटिव्हला होतास, आणि तुझ्या वर्गात पाना कुठल्या बाजूने धरतात हे ठाऊक असलेला तू एकटाच. तुझ्या बाबांचं दूधसंघाच्या टाक्या बनवायचं वर्कशॉप. तू दहावीच्या सुट्टीपासून आर्गॉन वेल्डिंग करत होतास. मी मात्र युनीत होतो, मेकॅनिकलच्या मास्टर्सला, वर पुण्याचा. म्हणजे मी स्वतःला तुझ्यापेक्षा दोन पायऱ्या वरचा समजायचो. तू हे ओळखून होतास. "साहेब आले, खुर्ची द्या की कोणी," म्हणायचास आणि मला कांदा चिरायला बसवायचास.

रॉन आपल्याला भेटला तो तुझ्या हातामुळे. तू शनिवारी टायरच्या दुकानात काम करायचास, तिथे तो मोडक्या हुकाचा ट्रेलर घेऊन आला. तू हुक जोडून दिलास. म्हातारा रेल्वेतून फिटर म्हणून रिटायर झालेला. त्याने चष्मा लावून तो जोड पाच मिनिटं निरखला आणि विचारलं, "हू टॉट यू, मेट?" तू म्हणालास, "माय फादर." पुढच्या रविवारी आपण स्कोफिल्ड्सला त्याच्या शेडमध्ये होतो. तेव्हा तिकडे घोडे चरायचे. आता तिथे माझ्यासारख्यांची घरं आहेत, एकाला एक चिकटलेली.

त्या शेडमध्ये त्याने आपल्याला कागद दाखवले. स्ट्रीमलायनर. मोटरसायकलच, पण लांबलचक कवचात बंद केलेली. चालवणारा आत पाय पुढे करून उताणा झोपतो, इंजिन डोक्यामागे, थांबायला मागे पॅराशूट. साउथ ऑस्ट्रेलियात एक वाळलेलं मिठाचं तळं आहे, मैलोन् मैल सपाट, आणि वर्षातून एकदा तिथे लोक घरी बांधलेल्या असल्या गाड्या पळवायला जमतात. रॉनने हे स्वप्न वीस वर्षं ट्रंकेत ठेवलं होतं. आता त्याची पाठ गेली होती. त्याला जोडणारा हात हवा होता आणि आत मावणारं शरीर हवं होतं. तुझ्याकडे दोन्ही होतं. मी गणितं करायला आलो.

मग दोन वर्षं आपला प्रत्येक रविवार तिथेच. तुला जमिनीवर झोपवून मी खडूने तुझ्याभोवती रेघ मारली, त्या मापावर सांगाडा ठरला. त्या दिवसापासून तुला वजन वाढवायची बंदी. पेंडल हिलच्या दुकानासमोरून जाताना सामोसे बघून तू असा चेहरा करायचास की दुकानदार फुकट द्यायला निघायचा. कवच तयार झालं, लांब, पांढुरकं, जरासं वाकडं. तू लांब उभा राहून म्हणालास, "भावा, हे तर पडवळ झालंय." तेच नाव पडलं. रॉन शेवटपर्यंत 'पॅडवल' म्हणायचा आणि लोकांना सांगायचा की भारतात हे फार वेगवान प्राण्याचं नाव आहे.

पडवळाच्या नाकावरून आपलं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. तुला नाक टोकदार हवं होतं, मला गोल. मी पानंच्या पानं गणित करून आणलं. तू म्हणालास, "कागदावरचा वारा अन् मिठावरचा वारा एक नसतोय." मी म्हणालो, वारा सगळीकडे वाराच असतो. रॉनने मध्ये पडून नाक माझ्या मताचं केलं. तू आठवडाभर मला 'गोलनाक्या' म्हणत होतास. मी जिंकलो खरा, पण त्यामुळे मला एक वाईट सवय लागली. वाद झाला की माझं पुस्तक बरोबर आणि तुझा हात अडाणी, असं मी मनात धरून चालू लागलो.

आणि मान. पुढचं चाक ज्या नळीत फिरतं ती नळी सांगाड्याला जोडायची जागा. पडवळाचा सगळा जीव तिथे. त्या जोडासाठी तू अख्खा रविवार नळ्या घासून, पुसून, बसवून बघण्यात घालवलास. मी वैतागलो. पुढच्या रविवारी बसलास आणि एका दमात टाका मारलास. आर्गॉनच्या वेल्डिंगला आवाज नसतो. तू श्वाससुद्धा घेत नव्हतास असं वाटत होतं. झाल्यावर मास्क वर करून म्हणालास, "हात लाव." मी म्हणालो, पुस्तकातल्या फोटोसारखा आहे. तू म्हणालास, "फोटोचं र्‍हाऊ दे. ह्यात बसून दोनशे मैलांनी जा म्हटलं तर तू जाशील काय?" मी म्हणालो, "जाईन." तेवढं ऐकून तू खूष झालास.

हे 'जाईन' मी विसरलो, नंद्या.

निघायच्या सकाळी पूजेचा हट्ट माझा होता, हे मला नीट लिहू दे. तू म्हणत होतास, "आरं, मिठावर जाऊन करू की." मी ऐकलं नाही. गाडी पहिल्यांदा घराबाहेर काढताना पूजा नाही म्हणजे काय! नारळ आणला, कुंकू आणलं. कुंकू कालवायला पाणी घेतलं तर तू ओरडलास, "पाणी नको लावू, उघडं लोखंड आहे, गंजंल." मग मी तुझ्याच बाकावरचं मशीनचं पातळ तेल घेतलं, त्यात कुंकू कालवलं आणि पडवळाच्या मानेवर, तुझ्या टाक्यावरच स्वस्तिक काढलं. मान म्हणजे कपाळच, असं मला वाटलं. रॉन टोपी काढून उभा राहिला. तू नमस्कार केलास आणि कवच बसवायच्या आधी फडक्याने ते स्वस्तिक पुसून टाकलंस. म्हणालास, "तिथले इन्स्पेक्टर म्हणतील, हे काय रक्त लागलंय." आपण तिघंही हसलो.

दोन दिवस गाडी चालवून आपण तळ्यावर पोचलो. शेवटचा रस्ता कच्चा, सगळी हाडं खिळखिळी झाली. मग ते मीठ. तू बूट काढून त्यावर उभा राहिलास. नंतर म्हणालास, "आईला दाखवायला पायजे होतं हे." तुझ्या आईने निघायच्या आदल्या दिवशी मला फोन केला होता. "सुहास, तू शिकलेला आहेस, लक्ष ठेव रे बाबा त्याच्यावर," म्हणाल्या. ते वाक्य दोन दिवस माझ्या डोक्यात वाजत होतं.

दुसऱ्या दिवशी तपासणी. तिथला नियम कडक. प्रत्येक गाडी उघडून बघतात, मगच मिठावर सोडतात. आपण कवच उतरवलं. आदल्या दिवशी पडवळ मिठावरून ओढत आणलं होतं, चाकाच्या फटीतून आत उडालेलं ओलं मीठ वाळून सगळ्या सांगाड्यावर पांढरी भुकटी बसली होती. तू रेसचा लेदर सूट घालायला तंबूत गेलास, रॉन कागद भरायला गेला. मी एकटा गाडीजवळ होतो. मानेवर, टाक्याच्या कडेने, पांढऱ्यावर एक बारीक लाल रेघ होती.

युनीच्या लॅबमध्ये भेग शोधायची एक साधी पद्धत शिकवतात. जोडावर लाल पातळ रंग लावायचा, तो मुरू द्यायचा, वरचा पुसायचा आणि पांढरी भुकटी फवारायची. भेग असेल तर आत राहिलेला लाल रंग भुकटीत झिरपून रेघ उमटते. मी दोन सेमिस्टर ते केलं होतं. पांढऱ्यावर लाल रेघ म्हणजे भेग, हे माझ्या अंगात भिनलेलं होतं. इथे कोणी रंग लावला नव्हता, मग लाल कुठून आलं? गंज, मी मनात उत्तर दिलं. कच्च्या रस्त्याच्या धक्क्यांनी भेग पडली, तिच्यात मिठाचं पाणी गेलं, गंजलं आणि बाहेर आलं. दोन मिनिटांत सगळं जुळवून टाकलं. दोन दिवसांपूर्वी त्याच जागी मीच तेलातलं कुंकू फासलं होतं, ते माझ्या मनात आलंच नाही. बोट लावून बघितलं नाही. वास घेतला नाही. तुला हाक मारली नाही.

हेच माझ्याच्याने सुटत नाही. तंबू वीस पावलांवर होता. हाक का नाही मारली? मी स्वतःला आजवर सांगत आलो की घाबरलो होतो, तुला सांगितलं असतं तर तू "काय नाही रे होत" म्हणून बसला असतास आणि वाद तूच जिंकला असतास. हे खरं आहे. पण अर्धंच. सकाळपासून लोक येऊन विचारत होते, रायडर कोण? तू. वेल्डिंग कोणाचं? तुझंच. माझ्या गोल नाकाबद्दल एकानेही विचारलं नव्हतं. मग पांढऱ्या दाढीचा तो इन्स्पेक्टर आला आणि त्याने विचारलं, "हूज द इंजिनिअर?" मला बरं वाटलं, नंद्या. इतकं बरं वाटलं की लाज वाटते. मी पुढे झालो आणि त्याला ती रेघ दाखवली.

त्याने वाकून पाहिलं. तिथे तपासायचं साधन नव्हतं. त्याने मला सरळ विचारलं, "यू हॅपी फॉर योर मेट टू राइड धिस?"

मी म्हणालो, "नो."

"देन आयम नॉट हॅपी आयदर." मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला की काळजी करू नकोस, मलाच दिसली असं सांगतो, उगाच तुमच्या मैत्रीत नको. भला माणूस होता. त्याच्या भलेपणाच्या आड मी पंधरा वर्षं बसलो.

तू सूट घालून आलास, हेल्मेट काखेत. त्याने तुला सांगितलं. मला वाटलं तू भांडशील. तू गुडघ्यावर बसलास, टाक्यावर अंगठा फिरवलास, लालसर झालेला अंगठा बघितलास. तुलाही कुंकू आठवलं नाही. समोरच्याने भेग म्हटलं की आपलीच चूक असणार, असा तू. उठून तू त्याचा हात हातात घेतलास आणि म्हणालास, "थँक यू, सर. यू सेव्ह्ड माय लाइफ." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणालास, "माझाच टाका कच्चा निघाला, भावा. दोन वर्षं तुमची वाया घालवली."

मी म्हणालो, "असू दे रे." होय, मी तुला माफ केलं. त्यावेळी भेग खरी आहे असं मला वाटत होतं, तेवढीच माझी बाजू. पण त्या दिवशीचं पाप चूक म्हणून खपलं असतं. खरं पाप महिन्याभराने केलं.

परत आल्यावर तू ग्राइंडर घेतलास आणि पडवळाची मान कापून काढलीस. रॉन नको नको म्हणत होता. तू तो तुकडा फडक्यात गुंडाळून मला दिलास आणि म्हणालास, "युनीत कापून बघ. भेग केवढी होती ते मला कळू दे. कुठं चुकलो ते कळल्याशिवाय मला परत हात लावता यायचा नाही."

लॅबमध्ये मी आधी तो तुकडा द्रावणाने पुसला. फडकं गुलाबी झालं. तेव्हा मला ते स्वस्तिक आठवलं. मग खरा लाल रंग लावून रीतसर टेस्ट केली. काही नाही. तुकडा उभा कापला, पॉलिश केला, मायक्रोस्कोपखाली धरला. लॅबचा टेक्निशियन डोकावला आणि म्हणाला, ब्युटिफुल, कोणी केलाय? मी म्हणालो, मित्राने. टाक्याच्या कडेला केसाएवढी खाच होती, ती सगळ्याच टाक्यांना असते, तिच्यात माझं तेल आणि माझं कुंकू जाऊन बसलं होतं.

त्या संध्याकाळी मी ट्रेनने पेंडल हिलला आलो ते तुला सांगायलाच. शपथ घेऊन सांगतो. जिना चढताना वाक्यसुद्धा तयार होतं. तू दार उघडलंस, हातात पिठाचा गोळा. माझा चेहरा बघून तूच म्हणालास, "होती न्हवं?" मला वाटलं, आता नाही म्हणालो तर पुढचा प्रश्न येणार, मग त्या माणसाला काय दिसलं? त्याला कोणी दाखवलं? आणि तू सरळ माझ्याकडे बघशील.

मी म्हणालो, "होती. बारीक होती."

तू मान हलवलीस आणि पोळ्या करायला परत आत गेलास. मी जेवलो पण तिथे. त्या तुकड्याचे दोन्ही भाग मी दुसऱ्या दिवशी लॅबच्या भंगारात टाकले.

पुढचं तुला माहीतच आहे, फक्त कारण माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी तळ्यात पाणी भरलं आणि कोणीच धावलं नाही. रॉन म्हणत राहिला, नवी मान कर. तू म्हणालास, दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. तो म्हणाला, तू नाही तर कोणी नाही. पडवळ भिंतीला टांगलेलं राहिलं, मग रॉन गेला, मग जमीन विकली गेली. तू वेल्डिंग सोडलंस. बस चालवायला लागलास. सगळे म्हणायचे, नंदू खूष आहे. होतासही. प्रवाशांना नावाने ओळखायचास, शाळेच्या पोरांसाठी थांबायचास. मी तेच धरून बसलो. म्हणायचो, बघ, काही बिघडलं नाही त्याचं.

पण तुझ्या मागच्या पायऱ्यांचा कठडा तुटला तो रविवार मला विसरता येत नाही. तू माणूस बोलावलास. त्याने दहा मिनिटांत काहीतरी गचाळ फासून ठेवलं, गांडुळं चिकटवल्यासारखं. तू त्याला हातात बॅटरी धरून उजेड दाखवत होतास. तो गेल्यावर मी म्हणालो, काय हे काम! तू म्हणालास, "चांगलं केलंय की. माझ्यापेक्षा बरं." माझ्या हातात तू केलेला चहा होता. मी तो प्यायलो, आणि क्रिकेटवर बोलायला लागलो.

त्यानंतर किती वेळा संधी आली सांगू? माझ्या गृहप्रवेशाला तू पहिला आलास. तुझी रेवा झाली तेव्हा हॉस्पिटलच्या बाहेर आपण दोघं चार तास बसलो होतो. चार तास! मी दर वेळी स्वतःला म्हणायचो, आता इतकी वर्षं झाली, कशाला उकरायचं, तो विसरलाय. तू विसरला नव्हतास. दोन आठवड्यांपूर्वी तू बस डेपोत लावलीस, डबा काढायला वाकलास आणि तिथेच खाली बसलास. मनीषाचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली असेल? 'आता त्याला कधीच कळणार नाही.' आणि त्यात, क्षणभर का होईना, सुटल्यासारखं वाटलं. हेही तुला कळायला हवं. तू असतास तर मला शिव्या दिल्या असत्यास, मग जेवायला वाढलं असतंस. दुसऱ्या गोष्टीची मला जास्त भीती वाटायची.

काल तुझा तेरावा झाला. जेवणं उरकून माणसं गेली. मी ताटं उचलत होतो. रेवा टेबलाशी शाळेचा फॉर्म घेऊन बसली होती, पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा. मनीषा मला म्हणाली, "भावोजी, तुम्हीच समजवा हिला. मेटलवर्क घ्यायचं म्हणतेय. ह्यांनी शेवटपर्यंत सही केली नाही. पोरीला कधी कशाला नको म्हणाले नाहीत, एवढ्या एकाच गोष्टीला म्हणाले. आपल्या घरच्या हाताला ते नाही, म्हणाले. एकदा जीवावर बेतलं होतं."

मी ताटं खाली ठेवली आणि सांगितलं. पूजेपासून भंगारापर्यंत सगळं, जसं इथे लिहिलंय तसं. मध्येच मराठीत, मध्येच रेवासाठी इंग्लिशमध्ये. हूज द इंजिनिअर विचारल्यावर बरं वाटलं, तेसुद्धा. मनीषा उभी होती ती उभीच राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "हे मला काय सांगताय? त्यांना सांगायचं होतंत." एवढंच. मग ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

रेवा तुझ्यासारखीच बघते, डोळे बारीक करून. तिने विचारलं, "सो इट वॉज अ गुड वेल्ड?"

"हो. मी बघितलेला सगळ्यात चांगला."

"कॅन आय सी इट?"

मी म्हणालो की तो तुकडा मी फेकून दिला. मग तिने विचारलं, "डिड बाबा नो?"

"नाही," मी म्हणालो.

तिने फॉर्म उचलला आणि आईजवळ जाऊन तिच्यापुढे पेन धरलं. पालकांच्या सहीची जागा तू रिकामी ठेवली होतीस. मनीषाने हात पदराला पुसले, ओट्यावरच कागद ठेवून सही केली, पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जाताना दार ओढून घ्या, भावोजी."